क्रोधाची रेघ

कथेतील पात्र ओरडले, भांडी आपटली, एवढ्याने त्याचा क्रोध वाचकाला पटत नाही. त्यामागे दुखावलेला मान दिसावा लागतो. चंडकौशिकाची कथा पाहावी. पूर्वभवी तो तपस्वी साधू होता. पायाखाली बेडकी मेल्याची आठवण शिष्याने प्रतिक्रमणाच्या वेळी दिली. ते सत्य त्याला सोसवले नाही. शिष्यावर धावून जाताना तो खांबावर आदळून मेला आणि पुढील भवांत दृष्टिविष सर्प झाला. जैनशास्त्र क्रोधाला पाणी, वाळू, माती आणि दगड यांवरील रेघेची उपमा देते. पात्राची रेघ कशावर, हे कथाकाराने आधी ठरवावे. पाण्यावरची रेघ क्षणात मिटते. दगडावरची गोड बोलण्याआडही शाबूत राहते.