काळोखातली शेवंती

दिवे घाट चढून सासवडच्या वाटेला लागले, की पुण्याची घाई मागे पडते. गेल्या वैशाखात मी तिकडे गेलो, तो आईसाठी. लक्ष्मीपूजनाला आपल्या कुंडीतली शेवंती वाहायची, ही तिची ऐंशीव्या वर्षीची हौस!

मळ्यातल्या मावशींनी जुन्या झाडांच्या बुडाशी फुटलेल्या काश्या मुळ्यांसकट अलगद सुट्या केल्या आणि ओल्या गोणपाटात बांधून दिल्या. शेंड्याची दोन-तीन इंचांची काडी ओल्या वाळूत खोचली, तर तीही तीनेक आठवड्यांत मूळ धरते म्हणाल्या. "आन् म्हैन्यानं शेंडा खुडा, मास्तर. जीव तुटंल, पर त्याबिगर फाटं फुटत न्हाईत."

सारे यथासांग केले. झाड डेरेदार झाले. दसरा उलटला, कळीचा पत्ता नाही! पुन्हा घाट चढलो. मावशींचा मळा कळ्यांनी लदलेला.

"कुंडी कुठं ठेवलीया?"

"गॅलरीत. समोर रस्त्याचा दिवा आहे."

मावशी हसल्या. "त्याला रातचा अंधार लागतो, मास्तर. तुमी त्याला निजूच दिलं न्हाई!"

रात्री लांबल्याखेरीज शेवंती कळी धरत नाही. कुंडी मागच्या अंधाऱ्या अंगणात नेली. लक्ष्मीपूजन झेंडूवर भागले. आई काही बोलली नाही, तेच अधिक लागले.

मार्गशीर्षातल्या शेवटच्या गुरुवारी पहिले पिवळे फूल उमलले. घटावर ते वाहून आई म्हणाली, "लक्ष्मीच ना ही? जरा उशिरा आली, एवढंच!"

यंदाच्या कुंड्या पहिल्यापासूनच मागच्या अंगणात आहेत.