न घातलेल्या फ्लोराइडची भीती

सवच्या गरम पाण्याच्या कुंडात अंग शेकून झालं, की काही मंडळी महाडला माझ्या दवाखान्यात दाढ दाखवायला येतात. पाण्यात औषध असतं, यावर त्यांचा विश्वास पक्का. पाण्यात विष असतं, यावरही हल्ली तितकाच.

गेल्या वर्षी एका शाळेत मुलांच्या दातांना फ्लोराइडचं वार्निश लावायचं ठरलं. आदल्या रात्री पालकांच्या व्हॉट्सॲप गटावर निरोप फिरला: फ्लोराइडनं बुद्धी मंद होते, अमेरिकेनंही बंद केलं. सकाळी मुख्याध्यापक म्हणाले, “मॅडम, आज नुसते दात बघून घ्या.” बघितले. पहिलीतल्या एका कातकरी मुलीच्या पुढच्या चार दातांच्या काळ्या कण्या उरल्या होत्या. तिच्या आईकडे मोबाइलच नव्हता.

निरोप अगदीच खोटा नव्हता, हीच त्यातली मेख. २०२५ मध्ये युटा आणि फ्लोरिडा या दोन राज्यांनी नळाच्या पाण्यात फ्लोराइड घालायला बंदी केली. लिटरला दीड मिलिग्रॅमपेक्षा जास्त फ्लोराइड असलेलं पाणी पिणाऱ्या मुलांचा बुद्ध्यंक कमी आढळतो, असं तिथल्या एका सरकारी अहवालानं २०२४ मध्ये म्हटलं. पण तिथं नळाला घालायचं प्रमाण ०.७ आहे. आणि वार्निश प्यायचं नसतं. दोन-तीन थेंब ब्रशनं दातांवर फिरवायचे, वर्षातून दोनदा.

आपल्याकडे तर नळाला फ्लोराइड घालतच नाहीत. आपलं दुखणं उलटं. यवतमाळ, चंद्रपूरकडच्या कित्येक बोअरच्या पाण्यात खडकातलंच फ्लोराइड उतरतं, दातांवर तपकिरी डाग पडतात, पुढे हाडं आखडतात. ते काढायची तुरटी-चुन्याची ‘नलगोंडा’ पद्धत नागपूरच्या ‘नीरी’नं बसवली. यवतमाळकडच्या आईनं फ्लोराइडला भ्यायलाच हवं. आमच्याकडच्या नदी-ओढ्यांच्या पावसाळी पाण्यात मात्र ते सहसा नावापुरतंच. (सवच्या कुंडाचं सोडा, गरम झरे जमिनीच्या पोटातले क्षार घेऊन वर येतात. पण ते पाणी अंघोळीचं.) विदर्भातली भीती आणि अमेरिकेतला वाद, दोन्ही एकाच निरोपात कालवून कोकणात आले.

पाण्यात फ्लोराइड घालण्याची सुरुवात १९४५ मध्ये अमेरिकेतल्या ग्रँड रॅपिड्स शहरानं केली. कॅनडातल्या कॅल्गरीनं ते २०११ मध्ये थांबवलं. सात-आठ वर्षांनी तिथल्या दुसरीतल्या मुलांपैकी सुमारे ६५ टक्क्यांचे दात किडलेले निघाले. फ्लोराइड चालू ठेवलेल्या एडमंटनमध्ये ५५. कॅल्गरीनं २०२५ मध्ये ते पुन्हा सुरू केलं. अलास्कातल्या ज्युनोनं २००७ मध्ये बंद केल्यावर सरकारी विम्यावरच्या, म्हणजे गरीब घरच्या मुलांच्या दातांवरचे उपचार वाढले.

फ्लोराइडची टूथपेस्ट घरोघर गेल्यापासून पाण्यातल्या फ्लोराइडचा फायदा घटला, हे विरोधकांचं म्हणणं मला मान्य आहे. पण पेस्ट घरात असेल तर ना! कातकरी वाडीवर अजून राखुंडी आणि मिसरी, आणि दिवसभर पाच रुपयांची बिस्किटं. ‘फ्लोराइडमुक्त’ पेस्ट मागणाऱ्या घरातलं पोर दर सहा महिन्यांनी माझ्या खुर्चीत असतं. कीड लागलीच तर बाप रूट कॅनालचे पैसे मोजतो. वाडीवरचं पोर गाल सुजल्यावर येतं. दुधाचे दात काय, पडायचेच, असं म्हणून तोवर ढकललेलं असतं.

यंदा मी गटावर काही पाठवलं नाही. वाडीच्या विहिरीवर जाऊन बायांशी बोलले, वार्निशची डबी उघडून दाखवली. एकीनं एवढंच विचारलं, “चव कशी असते, बाई?”

“गोडसर.”

“मग पोरं परत मागतील,” ती म्हणाली आणि हंडा डोक्यावर घेऊन निघाली.