चौकशी

आपल्याकडे ओळख होते ती प्रश्नांनी. गाव कोणतं, घरी कोण कोण असतं, मुलंबाळं किती, इकडं कसं येणं केलंत? एसटीत शेजारी बसलेल्या माणसानं सांगली येईपर्यंत यातलं काहीच विचारलं नाही, तर तो तुसडा वाटतो. मी कोल्हापूरची, या चौकशीतल्या मायेवरच वाढले. आणि शेफिल्डमध्ये एका उन्हाळ्यात माझ्या वाट्याला काम आलं, ते हेच प्रश्न न विचारायला शिकवण्याचं.

आश्रय मागायला आलेल्या लोकांना आधार देणारी ती एक छोटी संस्था. एम.ए.च्या अभ्यासाचा भाग म्हणून मी तिथं इंटर्नशिप करत होते, नव्या स्वयंसेवकांसाठी प्रशिक्षण तयार करत होते. शेफिल्ड हे जुनं पोलादाचं गाव. ‘सिटी ऑफ सँक्चुअरी’ ही चळवळ २००५ मध्ये इथंच सुरू झाली, आणि २००७ मध्ये आसरा देणारं शहर म्हणून ब्रिटनमध्ये पहिला मान याच गावाला मिळाला. त्यामुळे स्वयंसेवकांची वानवा नव्हती. निवृत्त शिक्षिका, नर्स, विद्यार्थी, सगळी मनापासून आलेली माणसं. त्यांना कळवळा शिकवायची गरजच नव्हती. तो आवरायचा कुठं, एवढंच सांगायचं होतं.

कारण समोरच्या माणसाला आधीच फार विचारून झालेलं असतं. होम ऑफिस, म्हणजे इथलं गृहखातं, आधी एक छोटी मुलाखत घेतं, मग काही महिन्यांनी, कधी त्याहून उशिरा, कित्येक तासांची मोठी. दोन्हींतली उत्तरं एकमेकांशी ताडून बघतात. अटक कोणत्या महिन्यात झाली, घरात किती जण शिरले, पळताना बरोबर कोण होतं? उत्तरांत तफावत निघाली, की सगळ्या हकिगतीवरच संशय येतो. ज्यानं मार खाल्लाय त्याच्या आठवणी सनावळीसारख्या ओळीनं येत नाहीत, हे फाईल तपासणाऱ्यानं समजून घेतलं तर बरं. नाहीतर अर्ज फेटाळला जातो. मग चहाच्या टेबलाशी आपणही ‘तुमच्यावर काय प्रसंग ओढवला?’ म्हणून विचारलं, की त्या माणसाला पुन्हा साक्षीला उभं राहिल्यासारखं होतं.

आमच्याकडे एरिट्रियाहून आलेल्या एक बाई होत्या. त्यांना आश्रय मिळून बरीच वर्षं झाली होती, आणि आता त्याच नव्यांना शिकवायच्या. त्या एकदा म्हणाल्या, ‘मी आले तेव्हा सगळे मला विचारायचे. एक बाई मात्र स्वतःचंच सांगायच्या, मळ्यात लावलेल्या बटाट्यांचं. इथं मी पहिल्यांदा मोकळेपणानं बोलले ती त्यांच्याशी.’ ते मी प्रशिक्षणात जसंच्या तसं घेतलं.

बसायचं कसं, यावर आम्ही बराच वेळ घालवला. समोर बसायचं नाही, शेजारी बसायचं. टेबलापलीकडून बघणारी माणसं त्यांनी पुष्कळ पाहिली आहेत. होम ऑफिसचं पत्र घेऊन कुणी आलं, तर ते ओढून घ्यायचं नाही. कागद त्यांच्याच हातात राहू द्यायचा, आपण फक्त ओळीवर बोट ठेवायचं. तारीख, पत्ता, कुठं हजर राहायचं, एवढं वाचून दाखवायचं. ‘काळजी करू नका, होईल तुमचं काम’ असं चुकूनही म्हणायचं नाही. अधिकृत नोंदणी नसताना इमिग्रेशनचा सल्ला देणं १९९९ च्या कायद्यानं गुन्हा आहे. आणि कायदा बाजूला ठेवला तरी, खोटा दिलासा देणं मला क्रूरपणाच वाटतो. शब्द देण्यापेक्षा वकिलाचा फोन लागेपर्यंत त्यांच्याबरोबर थांबावं. डॉक्टरकडे नाव घालावं, बस कुठून सुटते ते दाखवावं. २०२४ मध्ये या लोकांना आठवड्याला ४९.१८ पौंड मिळत, हॉटेलात ठेवलेल्यांना त्याहून खूपच कमी. वर्षभर निकाल लागला नाही तरच काम करायची परवानगी मागता येते, तीही ठरावीक कामांपुरती. अशा माणसाला बसचं तिकीटसुद्धा जड जातं.

आश्रय मागणाऱ्यांच्या ओळखपत्रांवरच्या जन्मतारखांपाशी मात्र मी फार रेंगाळले. अफगाण, सुदानी, एरिट्रियन, कितीतरी जणांची जन्मतारीख १ जानेवारी. नव्या स्वयंसेवकाला हे खटकतं. मला नाही खटकलं. माझ्या आजोबांची जन्मतारीख १ जून, त्यांच्या दोन्ही भावांचीही १ जून. शाळेत नाव घालताना मास्तरांनी पोराकडं एकदा बघून घेतलं आणि रजिस्टर भरलं. महाराष्ट्रातल्या अख्ख्या पिढीचे वाढदिवस असे जूनच्या पहिल्या तारखेला येतात. माझे आजोबा त्या तारखेवर नोकरीला लागले, त्याच तारखेवर निवृत्त झाले, पेन्शन घेतलं. कुणी त्यांना खोटारडं म्हटलं नाही. हे सांगितल्यावर सगळी खोली ऐकत राहिली, आणि प्रशिक्षणाच्या पुस्तिकेत त्या १ जूनचं एक पानच झालं.

आणि परक्यांना आसरा देणंही आपल्याकडे नवं नाही. कोल्हापूरजवळ वळिवड्याला १९४३ पासून १९४८ पर्यंत जवळजवळ पाच हजार पोलिश निर्वासित राहिले, बहुतेक बायका आणि मुलं. सोव्हिएत राजवटीनं घरातून उचलून सायबेरियाकडं पाठवलेली, तिथून जगून वाचून निघालेली ही माणसं. आपल्या पंचगंगेकाठी त्यांच्या शाळा चालल्या. छावणी उठल्यावर त्यांतली पुष्कळजण ब्रिटनला गेली आणि तिथलीच झाली.

ब्रिटनमध्ये राहणाऱ्या मराठी माणसांना म्हणून माझं सांगणं आहे. व्हिसाचे फॉर्म आपण सगळ्यांनी भरलेत, ती भाषा आपल्याला कळते. आपल्याला हिंदी येतं, आणि पाकिस्तानातून आलेल्यांशी, बऱ्याच अफगाणांशी ते चालतं. बहुतेक मोठ्या गावांत अशी संस्था असते आणि तिला माणसं हवी असतात. आठवड्यातले दोन तास काढा आणि तिथं नाव नोंदवा.