चांदीचे तोंड काळे

माणूस काय आणि दागिना काय, दोघांनाही वय लपवायचे असते अशी माझी आपली भाबडी समजूत होती. चाळिशी उलटल्यापासून दर महिन्याच्या एका रविवारी मी डोक्याला काळे लावतो, ते वय कमी दिसावे म्हणून. आमची भाची त्याच रविवारी चांदीला काळे लावते, ते वय जास्त दिसावे म्हणून. दोघांच्या वाट्या गॅलरीच्या एकाच कठड्यावर शेजारी शेजारी असतात. अजून अदलाबदल झालेली नाही, ही परमेश्वराची कृपा.

भाची आमच्याकडे राहते आणि चांदीच्या तारेचे नि पत्र्याचे दागिने हाताने घडवते. घडवून झाला की नवा कोरा, लखलखीत दागिना ती म्हातारा करते. गिऱ्हाईक म्हणे तसाच मागते.

मी पडलो कॉमर्सचा पदवीधर. वस्तू जुनी झाली की तिची किंमत उतरते, या एका सिद्धान्तावर आमची कॉलेजची वर्षे गेली. याला घसारा म्हणतात. आमच्या पाठ्यपुस्तकातली खुर्ची दरसाल १० टक्क्यांनी खाली यायची. बँकेत मी ज्या खुर्चीवर बसतो ती तर हिशेबात केव्हाच एक रुपयाची झाली असावी; अजून उभी आहे ती निव्वळ निष्ठेने. भाचीच्या धंद्यात सगळेच उलटे. काल केलेले कानातले आज शंभर वर्षांचे दिसले की किंमत चढते. घसारा तिथेही आहे, पण तो वहीत मांडत नाहीत, हाताने घासून काढतात.

कृती सांगतो, कुणी लगेच करून पाहू नये. दागिना आधी साबणाने स्वच्छ धुवायचा. बोटाचा तेलकट ठसा राहिला तर नेमकी तेवढी जागा रंग धरत नाही. मग गरम, पण उकळत्या नव्हे, अशा पाण्यात 'लिव्हर ऑफ सल्फर'चा वाटाण्याएवढा खडा विरघळवायचा. पोटॅश आणि गंधक एकत्र तापवून हा पदार्थ करतात. रंग काळजासारखा तपकिरी, म्हणून नाव यकृताचे. होमिओपॅथीच्या पेटीतल्या 'हेपार सल्फ'चे हे चुलतभावंड. ते चुन्याचे, हे पोटॅशचे. त्या पाण्यात चिमट्याने दागिना बुडवायचा आणि काढायचा. चांदी आधी सोनेरी होते, मग तांबूस, मग जांभळी-निळी आणि शेवटी काळी. इन्स्पेक्शनच्या दिवशी आमच्या शाखेतले चेहरे साधारण याच क्रमाने बदलतात. हवा तो रंग आला की दागिना गार पाण्यात, नंतर खाण्याच्या सोड्याच्या पाण्यात. पाणी फार कडक केले तर काळा थर जाड होतो आणि त्याचे पापुद्रे सुटतात. म्हातारपणसुद्धा घाईने आणून चालत नाही.

खरी कला त्याच्या पुढे आहे. सगळा काळा झालेला दागिना बारीक पॉलिश पेपरने असा घासायचा, की उंचवटे उजळावेत आणि खाचा काळ्या राहाव्यात. का? तर रोजच्या वापरात अंगाला, कपड्याला घासले जातात ते उंचवटेच. खाचेपर्यंत कुणाचा हात पोचत नाही. म्हणजे कुणीतरी तो पन्नास वर्षे घातला आहे, असा आभास अर्ध्या तासात निर्माण करायचा!

यात एकच अडचण, वास. सडक्या अंड्याचा. पहिल्या रविवारी आई देवघरातून ओरडली, "कोण गं अंडी उकडतंय?"

"अंडी नाहीत गं आजी, गंधक आहे!"

"मग बरंय," आई म्हणाली. गंधकाला आमच्या घरात बंदी नाही. खालच्या मजल्यावरचे बिऱ्हाड मात्र गॅसचे रेग्युलेटर बंद करून जिन्यात येऊन उभे राहिले. त्यांचेही बरोबर होते. सिलिंडरच्या गॅसला मुळात वास नसतो; गळती कळावी म्हणून त्यात जे मिसळतात तेही गंधकाचेच एक संयुग. गंमत अशी की, उकडलेल्या अंड्याबरोबर चांदी डब्यात झाकून ठेवली तरी ती काळी पडते. ही माहिती आम्ही आईपासून लपवून ठेवली आहे. आणि त्या वाटीत आम्ल पडले तर विषारी वायू सुटतो, म्हणून लिंबू-चिंच गॅलरीत न्यायला सक्त मनाई आहे.

बाजारात या मालाला 'ऑक्सिडाइज्ड' म्हणतात. वास्तविक तो काळा थर ऑक्साइडचा नसतो, सल्फाइडचा असतो. स्वस्तातला बराचसा माल तर जर्मन सिल्व्हरचा. त्यात तांबे, निकेल आणि जस्त असते, सिल्व्हर औषधालाही नसते. बँकेत अशी कागदपत्रे आम्ही 'नाव जुळत नाही' असा शेरा मारून परत करतो. पण काळे करण्याची विद्या आपल्याकडे जुनीच. बिदरचे कारागीर जस्तात थोडे तांबे घालून भांडे ओततात, त्यावर चांदी ठोकून बसवतात आणि शेवटी तिथल्या जुन्या किल्ल्यातली माती नि नवसागर कालवलेल्या पाण्यात ते घालतात. भांडे काळेभोर होते आणि चांदी आपली जशीच्या तशी पांढरी!

हे सगळे पाहून एके दिवशी आमच्या सौ.ला कल्पना सुचली. "अहो, आईंचे ते चांदीचे तोडे लॉकरात नुसते पडलेत. हिलाच द्या की. वितळवून चार-पाच सेट होतील, वर हिचं ते अँटिक फिनिश!"

म्हणजे खरोखरीचे जुने वितळवून नवे करायचे आणि त्या नव्याला पुन्हा जुने करायचे. बँकेत याला कर्जाची पुनर्रचना म्हणतात.

आईने नाही म्हटले नाही. मी तोडे घेऊन आलो. भाचीने भिंग लावून ते उलटसुलट पाहिले आणि हरखून म्हणाली, "आजी, काय सुंदर काळं बसलंय खाचांत! मला कधी असं जमत नाही. कशानं केलं गं?"

"सावकारानं," आई म्हणाली.

आम्ही सगळे तिच्याकडे बघत राहिलो.

"बहात्तरच्या दुष्काळात ठेवले, ते अठ्ठ्याहत्तरला सुटले. गेले तेव्हा पांढरेशुभ्र होते. रोज पायात असले की चांदी उजळ राहते, ठेवली की काळी पडते. आले ते कोळशासारखे. चिंच लावली, रांगोळीनं घासले, वरवरचं निघालं. खाचेतलं राहिलं. तुझे आजोबा ते बघितलं की खाली मान घालायचे. म्हणून मग मी घातलेच नाहीत पुन्हा."

हे मीही पहिल्यांदाच ऐकत होतो. लॉकर माझ्या नावावर, किल्ली माझ्या खिशात, रोज त्याच इमारतीत माझी उठबस. आत काय ठेवले आहे ते मात्र आईलाच ठाऊक.

"राहू देत ते तोडे," सौ. हळूच म्हणाली.

"राहू देत कशाला?" आई म्हणाली. "वितळवायचे तर वितळव गं पोरी, माझी ना नाही. पण आधी महिनाभर पायात घाल. मग ठरव."

तेव्हापासून भाची जीन्सवर ते तोडे घालून बसने हिंडते. महिना केव्हाच होऊन गेला; वितळवण्याचा विषय कुणी काढलेला नाही. स्वतःच्या मालाला ती आता 'अँटिक' म्हणत नाही, 'काळे केलेले' म्हणते. खप होता तेवढाच आहे.

परवा आईने चष्मा पुसून तिच्या पायांकडे पाहिले. "उजळतायत हं!"

"खाचापण साफ करून देऊ का आजी? माझ्याकडे औषध आहे, पाच मिनिटांत निघेल."

"नको," आई म्हणाली, "तेवढं राहू दे. सहा वर्षांचं व्याज आहे ते."