सतरा ओळी

सतरा! चार वेळा मोजल्या. दोनदा मी, एकदा तो सर्पमित्र मुलगा आणि शेवटच्या खेपेला आमच्या सासूबाई, भिंगावर वाकून, हातात समईची काडी घेऊन. दर वेळी सतराच. पंधरा नाहीत, सतरा! तुम्हाला वाटेल बाई येडावली. येडावलेच आहे. दहा दिवसांपूर्वी सापाच्या अंगावर मोजण्यासारखं काही असतं याचा मला पत्ता नव्हता, आणि आता धुणं वाळत घालताना मी टॉवेलच्या चौकटीसुद्धा तिरक्या मोजतेय.

गणपतीला आठ-दहा दिवस राहिले होते. चिपळूणजवळच्या आमच्या चिरेबंदी घरात या दिवसांत माळा झाडायचा, कोठीची खोली रिकामी करायची, हे ठरलेलं. तांदळाच्या पिंपामागे उंदरांसाठी ठेवलेला चिकट पुठ्ठा ओढला, तर त्यावर दोन झुरळं, पालीची तुटकी शेपटी आणि एक करदोडा. काळपट, पांढऱ्या गाठींचा. हा इथे कोणी टाकला म्हणून वाकले, आणि गाठी हलल्या.

माझी किंकाळी ऐकून शेजारचे भाऊ काठी घेऊनच आले. "मण्यार आहे, वहिनी! मागे व्हा!" काळ्यावर पांढरे पट्टे म्हणजे मण्यार, हे आमच्याकडे पाढ्यासारखं पाठ असतं. त्यात चूक काही नाही. नाग, घोणस, फुरसं आणि मण्यार या चौघांत मण्यारच सर्वांत गुपचूप. रात्री अंथरुणात चावते, दुखतही नाही फारसं, आणि पहाटे डोळ्यांच्या पापण्या उघडेनाशा होतात. भाऊ म्हणाले, मारायची नसेल तर रॉकेल ओता, गोंद सुटेल. खरं सांगते, मी बाटली आणायला निघालेही होते. सासूबाईंनी अडवलं. "चिकटलंय ना ते? मग पळून कुठे जातंय? आधी फोन कर."

वन विभागाच्या हॅलो फॉरेस्टला, 1926 ला, फोन लावला. त्यातून पुढचा नंबर, आणि पाऊण तासात अंगणात मोटारसायकल. विशी-बाविशीचा मुलगा, रेनकोट निथळतोय. माझ्या डोक्यात सर्पमित्र म्हणजे फणा धरून फोटो काढणारा. हा तर पुठ्ठ्यापासून हातभर लांब उकिडवा बसला, मोबाइलने फोटो काढले आणि नुसता फोटोच मोठा करकरून बघत राहिला. मी विचारलं, "मण्यारच ना?"

"कोण ते ठरेपर्यंत मण्यारच, काकू."

या एका वाक्यावर मी फिदा झाले! आम्ही सगळे ठरवून मोकळे झालो होतो, आणि ज्याला कळतं तो ठरवायलाच तयार नव्हता.

बघता बघता तो सांगत होता. कवड्या नावाचा एक बिनविषारी साप आहे, हुबेहूब मण्यारीसारखा. त्याचे पट्टे मानेपासूनच सुरू होतात, रुंद असतात आणि शेपटीकडे पुसट होत जातात. मोठ्या मण्यारीचे पट्टे बारीक, बरेचदा जोडीजोडीने, मानेपासून बरेच मागे सुरू होतात आणि शेपटीच्या टोकापर्यंत ठसठशीत. झालं तर मग, मी म्हटलं, याचे मानेपासूनच आहेत! तो मान हलवत म्हणाला, "पिल्लू आहे ना. मण्यारीच्या पिल्लांचे पट्टेसुद्धा पार पुढपर्यंत असतात. मोठ्यांचा नियम पिल्लांना लावून कितीजण फसलेत." आणि मण्यारीचं पिल्लू अंड्यातून बाहेर पडतं तेच विष घेऊन.

मग त्याने हातमोजे चढवले आणि मागितलं काय, तर गोडं तेल आणि रांगोळी. रॉकेलने कातडी भाजते, ओढलं तर सालीसारखी निघते. तेलाने मात्र गोंद मऊ पडतो. आधी मोकळ्या गोंदावर रांगोळी भुरभुरली, सुटलेला भाग पुन्हा चिकटू नये म्हणून. मग रंगाच्या ब्रशने थेंब थेंब तेल. शेपटीकडून सुरुवात, डोकं सर्वांत शेवटी, नाकपुड्यांत तेल जाऊ द्यायचं नाही. मी टॉर्च धरून. चाळीस मिनिटं! मोदकाच्या कळ्या पाडतानाही मी इतका वेळ श्वास रोखून धरला नसेल. एकेक पट्टा सुटत होता. सुटलेला भाग लगेच वेटोळं करून गोंदापासून दूर घेतला जात होता, जणू त्यालाही कळलं होतं काय चाललंय. शेवटी डोकं सुटलं, आणि सुटल्या सुटल्या या वीतभर प्राण्याने त्याच्या हातमोज्याला कडकडून चावा घेतला. भाऊ दोन पावलं मागे सरले. तो मुलगा हसला, "चावणारच. मी तरी काय केलं असतं?"

सौम्य साबणाच्या कोमट पाण्यात अंघोळ झाली, पिल्लू पारदर्शक डब्यात गेलं, त्याने डबा उचलून खालून बघितला आणि मला जवळ बोलावलं. पोटावर बारीक चीर. बेंबी! सापाला बेंबी! अंड्यातला बलक जिथून अंगात जातो त्या जागेची खूण, थोड्या दिवसांत बुजून जाते. म्हणजे हा जीव जेमतेम आठवड्याचा. विणायच्या सुईएवढं जाड, डोळे मोहरीसारखे काळेभोर, बाहुली वेगळी दिसतच नाही. आणि शेपटीखालचे खवले! गुदद्वारामागे ते दोन-दोनच्या जोडीने, वेणी घातल्यासारखे. मण्यारीला तिथे एकेरी आडव्या पट्ट्या असतात. तो पहिल्यांदाच मोकळं हसला. "कवड्या."

गंमत बघा, तोवर आम्ही सगळे ‘ती’ म्हणत होतो. ती हलली, ती चावेल. त्या क्षणापासून ‘तो’ झाला, आणि घरातली भीती लिंग बदलताना उतरून गेली. सासूबाई तर थेट "बाळ" म्हणायला लागल्या आणि वाटीत दूध घेऊन आल्या. दूध नको, आजी. साप दूध पीत नाही, पचतही नाही. पाणी, तेही बाटलीच्या झाकणात.

चार-पाच खवले उचकटले होते आणि मानेवर गोंदाचा पापुद्रा राहिला होता, त्यामुळे लगेच सोडता येईना. रानातला साप घरी ठेवणं 1972 च्या वन्यजीव कायद्यात बसत नाही. त्याने वन खात्याकडे नोंद केली, पशुवैद्याला दाखवलं आणि त्यांच्या सांगण्यावरून जखम भरेपर्यंत आपल्याकडे ठेवलं. मी रोज संध्याकाळी हजर! डबा साधा, झाकणाला सुईने पाडलेली भोकं, कारण याहून मोठ्या भोकातून असलं पिल्लू सहज निसटतं. तळाला कोरा टिश्यू पेपर, लपायला पालथी करवंटी, ऊन लागणार नाही अशी जागा. बस्स. हात लावायचा नाही, सारखं उघडून बघायचं नाही. मी विचारलं, उपाशी नाही का? पहिली कात टाकेपर्यंत बरीच पिल्लं खातच नाहीत, अंगातल्या बलकावर भागतं. पुढे खाणार काय, तर पाली. पुठ्ठ्यावरची ती तुटकी शेपटी आठवली आणि सगळी हकिकत एकदम डोळ्यांसमोर आली. आधी पाल अडकली, शेपटी टाकून सुटली, आणि तिच्या मागावर हा.

त्याच्या सॅकमध्ये रोम्युलस व्हिटेकर आणि अशोक कॅप्टन यांचं 2004 सालचं सापांवरचं पुस्तक असतं, प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं. त्यात कवड्याचं शास्त्रीय नाव सापडलं, लायकोडॉन औलिकस. लायकोडॉन म्हणजे लांडग्याच्या दातांचा. पुढचे दात लांब, गुळगुळीत पाली-सापसुरळ्या निसटू नयेत म्हणून. आणि औलिकस म्हणजे दरबारी! 1758 मध्ये लिनियसने दिलेलं नाव. कोठीच्या खोलीत राहणाऱ्याला दरबारी म्हणणारा माणूस मला आवडला.

पाचव्या दिवशी डोळे दुधाळ झाले. मी घाबरले. तो म्हणाला, कात येतेय. आठव्या दिवशी करवंटीबाहेर कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ काहीतरी पडलं होतं, डोळ्यांवरच्या टोप्यांसकट, आणि मानेवरचा गोंद त्या कातीबरोबर निघून आला होता! कात ओली करून काळ्या कागदावर पसरली. मधोमध, पोटाच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत, तिरकं मोजत जायचं. मण्यारीला बहुधा पंधरा ओळी आणि पाठीच्या कण्यावरची ओळ मोठ्या षटकोनी खवल्यांची. इथे सतरा, आणि मधली ओळ इतरांसारखीच. ओळख तर आधीच पटली होती, मग मी का नाचले? कारण या वेळी मला कोणी सांगितलं नव्हतं. मी मोजलं होतं.

सोडायचं कुठे यावर भाऊंचं म्हणणं, लांब डोंगरात. पण अनोळखी जागी साप सहसा तगत नाहीत, जिथला तिथेच जवळ सोडावा. शेवटी आमच्याच परसातला जुना चिऱ्यांचा गडगा ठरला. पुठ्ठे मी केव्हाच जाळले होते, पिंजरा आणलाय उंदरांना. रात्री साडेआठला डबा आडवा केला. तो बाहेर आला, जिभेने चिरा चाचपला आणि फटीत शिरला. मी टॉर्चच्या उजेडात पट्टे मोजत होते. सहा, सात, आठ. पुढचे पुसट होत गेले, त्यामुळे नेमका केव्हा दिसेनासा झाला ते मला सांगता येणार नाही.