हिरण्यकेशीच्या वाटेने : गाडीतल्या कप्प्यांची प्रवासकथा

कोल्हापूरहून आंबोलीला जाणाऱ्या वाटा एकाहून अधिक आहेत आणि त्यांपैकी संकेश्वरवरून जाणारी वाट काही सर्वांत जवळची नव्हे. तरीही आमचे कुटुंब नेहमी याच वाटेने जाते, कारण संकेश्वरपासून पुढे हिरण्यकेशी नदीची सोबत मिळते. संकेश्वर, गडहिंग्लज, आजरा ही तिन्ही गावे या एकाच नदीच्या आधाराने वसली आहेत, आणि आपण जात असतो प्रवाहाच्या उलट, उगमाच्या दिशेने. खाली संथ आणि रुंद दिसणारी नदी आजऱ्याच्या रामतीर्थावर खडकांतून उड्या घेते, आणि आंबोलीच्या रानात एका गुहेपाशी अवघ्या ओंजळीएवढी होते. नदीला असे लहान लहान होत गेलेले पाहण्यात जो आनंद आहे, तो घाईच्या रस्त्यावर मिळत नाही.

यंदा भाद्रपदाच्या अखेरीस आम्ही निघालो तेव्हा गाडीत पाच जण होतो : दादा, वहिनी, ऐंशीच्या उंबरठ्यावरची आई, सात वर्षांची पुतणी आणि मी. आपल्याकडच्या घरांतून प्रवासाला निघताना माणसांपेक्षा डबेच अधिक असतात, हे वाचकांना सांगायला नको. सूर्यास्तापूर्वी जेवण उरकायचे, पाणी घरचे गाळून उकळलेले हवे, बाहेरच्या पदार्थांत काय घातले असेल याची खात्री नाही. म्हणून पोळ्यांचा डबा, दशम्या, कोरडी चटणी, खाकरे, पाण्याच्या स्टीलच्या मोठ्या बाटल्या असे सारे स्वयंपाकघरच बरोबर निघते. इतर प्रवासी हॉटेलात उतरतात. आपली गाडी हेच आपले हॉटेल. साहजिकच तिच्यातल्या खणा-कप्प्यांवर इतरांच्या गाड्यांहून अधिक भार पडतो. हा भार कोठे आणि कसा ठेवावा, याचा विचार मात्र घरोघरी फारसा होत नाही. घरात जड पितळी भांडे आपण फडताळाच्या वरच्या फळीवर कडेला ठेवत नाही. गाडीत मात्र तेच भांडे खुशाल मागच्या काचेजवळच्या फळीवर चढते.

निपाणी सोडल्यावर तवंदीचा, म्हणजे आपल्या परिचयाच्या स्तवनिधीचा घाट लागतो. घाट तसा लहानच, पण महामार्गाचा वेग आणि उतार एकत्र आले की गाडीतल्या सैल वस्तू बोलू लागतात. कोठे बाटली गडगडते, कोठे डब्याचे झाकण वाजते. हा आवाज क्षुल्लक नव्हे. गाडी ज्या वेगाने धावते त्याच वेगाने तिच्यातली प्रत्येक वस्तूही धावत असते. गाडीला ब्रेक आहे, माणसाला पट्टा आहे. डब्याला दोन्ही नाही. गाडी एकाएकी थांबली तरी तो पुढे जातच राहतो. शाळेत शिकलेल्या गणिताने हिशेब केला तर ताशी 50 किलोमीटर वेगाने जाणारी वस्तू आदळणे म्हणजे तीच वस्तू जवळजवळ 10 मीटर उंचीवरून, तिसऱ्या मजल्यावरून म्हणा, अंगावर पडणे. वेग ताशी 80 असेल तर ती उंची 25 मीटर होते, आणि 100 असेल तर 39 मीटरांच्या पुढे जाते. वेग दुप्पट झाला की आघात चौपट होतो. पाण्याने भरलेली एक लिटरची स्टीलची बाटली किलोहून जड असते, आणि मागच्या फळीवरून ती निघाली तर तिच्या वाटेत पहिले डोके लागते ते मागे बसलेल्या मुलाचे किंवा आजीचे.

म्हणून वहिनीने ठरवलेला नियम मला फार शहाणपणाचा वाटतो : जड ते खाली आणि मागे, हलके ते वर आणि हाताशी. डब्यांची पिशवी डिकीत, मागच्या सीटच्या पाठीला अगदी टेकवून. मागची सीट दुमडती असेल तर तिची कडी नीट बसली आहे ना, हे हाताने ओढून पाहायचे, कारण कडी अर्धवट बसलेली सीट सामानाच्या धक्क्याने पुढे येते. जेवणाची पिशवी सीटवरच ठेवायची झाली तर तिच्याभोवतीही सीटबेल्ट लावायचा. पुतणीला याची फार मौज वाटते. “आजी, पोळ्यांनासुद्धा पट्टा!” असे ती म्हणते आणि मग स्वतःचा पट्टा न सांगता लावते.

संकेश्वरच्या पुढे रस्ता अरुंद होतो, दोन्ही बाजूंना ऊस येतो, आणि वाहन हळू चालते तेव्हा समोरच्या कप्प्याकडे लक्ष जाते. इंग्रजीत त्याचे नाव हातमोज्यांवरून पडले आहे, आणि ते अकारण नव्हे. उघड्या मोटारींच्या काळात थंडी-धुळीपासून बचावासाठी हातमोजे लागत. डोरोथी लेव्हिट या इंग्रज मोटारचालक बाईंनी 1909 साली स्त्रियांसाठी मोटार चालवण्यावर पुस्तक लिहिले, त्यात आसनाखालच्या लहानशा खणात स्वच्छ हातमोजे, रुमाल, हातआरसा असे काय काय ठेवावे हे त्यांनी सांगितले आहे. आणि तो आरसा मधून मधून उंचावून मागचे पाहून घ्यावे, असेही. मागचे दाखवणारा आरसा गाडीवर सर्रास येण्याच्या आधीची ही गोष्ट. आज आपल्या त्या कप्प्यात हातमोजे सोडून सारे असते : जुन्या टोलच्या पावत्या, लग्नपत्रिका, एकांडी चावी, विरघळून चिकटलेली गोळी.

या कप्प्याचे झाकण प्रवासात बंद असावे, एवढे साधे पथ्य पुष्कळ जण पाळत नाहीत. पुढे बसलेल्याचे गुडघे त्याच्या समोरच असतात, आणि धक्का बसला तर उघड्या झाकणाची कड गुडघ्यावर येते. शिवाय आत कोंबलेले सारे बाहेर येते ते वेगळेच. मग तेथे काय असावे? प्रथमोपचाराची छोटी पेटी, विजेरी, गाडीची माहितीपुस्तिका, कोरडे फडके. गाडीच्या मूळ कागदपत्रांबद्दल माझे मत असे की ती तेथे नसलेलीच बरी. गाडी चोरीला गेली तर कागदही सोबत जातात. 2018 पासून डिजिलॉकर किंवा एमपरिवहन यांतील कागद दाखवले तरी ते ग्राह्य धरले जातात, तेव्हा फोनमध्ये ती ठेवून मूळ प्रती घरी ठेवाव्यात.

गडहिंग्लजच्या अलीकडे एका वडाखाली एक गाडी आडवीतिडवी थांबलेली दिसली. दादाने गाडी कडेला घेतली. चालक तरुण होता, चेहरा पांढरा पडलेला. त्याच्या सीटखाली टाकलेली प्लास्टिकची बाटली घरंगळत पायाशी आली होती आणि ब्रेकच्या पायपट्टीखाली जाऊन बसली होती. ब्रेक अर्ध्यावरच अडकला. सुदैवाने चढ होता, त्याने हँडब्रेक हळूहळू ओढून गाडी शेताच्या बांधाला टेकवली. कोणालाही इजा नव्हती. आईने त्याला पाणी दिले आणि “बाळ, जरा बस, मग जा” म्हणाली. बाटली ती केवढी, रिकामी, पन्नास ग्रॅमचीसुद्धा नाही! चालकाच्या पायांभोवतीची जागा हा कप्पा नव्हे, हे त्या दिवशी सर्वांना न बोलता कळले. तेथे बाटली नको, काढून ठेवलेली चप्पल नको, आणि एका पायपुसण्यावर दुसरे सैल पायपुसणेही नको. तेही सरकत जाऊन पायपट्टीत अडकते. बाटलीची जागा दारातल्या खणात, तिच्यासाठी केलेल्या गोल खाचेत; आणि काचेची बाटली तेथेही नाही.

आजऱ्याला आम्ही थांबतो ते घनसाळ तांदळासाठी. त्याचा वास पोत्याचे तोंड सोडताच येतो. नदीकाठी सावली पाहून जेवण होते, आणि जेवणानंतर गाडी झाडून घेण्याचे काम पुतणीकडे असते. खाकऱ्याचा चुरा दारातल्या खणात राहिला की दुसऱ्या दिवशी मुंग्यांची रांग लागते. पावसाळ्यात उंदीरही येतात आणि तारांची वेष्टणे कुरतडतात. मग औषध फवारण्याची वेळ येते, जी आपल्या घरात कोणालाच नको असते. आधीच ओल्या फडक्याने खण पुसून घेतला तर तो प्रश्नच उद्भवत नाही.

उन्हात उभ्या राहिलेल्या बंद गाडीची ऊब हा याच मुक्कामावरचा दुसरा विषय. तासाभरात आतले तापमान बाहेरच्यापेक्षा साधारण वीस अंशांनी चढते. समोरच्या कप्प्यात ठेवलेली औषधे त्यात निकामी होऊ शकतात. आईचे इन्सुलिन म्हणूनच कधीही गाडीत मागे राहत नाही. ते थंड राहणाऱ्या पिशवीत तिच्याबरोबर उतरते. लायटर, फवाऱ्याचे सुगंधी डबे, हात स्वच्छ करण्याचे मद्यार्कयुक्त द्रव, मोबाइल चार्ज करायची पॉवर बँक यांनाही तापलेली गाडी मानवत नाही. आणि मूल किंवा मुके जनावर क्षणभरासाठीही अशा गाडीत ठेवू नये, हे लिहिण्याची गरज पडू नये, पण पडते.

आजऱ्यापासून आंबोलीपर्यंत रान दाट होत जाते, धुके काचेवर उतरते आणि डॅशबोर्डवर ठेवलेल्या प्रत्येक वस्तूचे प्रतिबिंब समोरच्या काचेत दिसू लागते. डॅशबोर्ड हा मुळात कप्पा नाहीच. त्याच्या डाव्या भागाखाली पुढच्या प्रवाशाची एअरबॅग घडी घालून ठेवलेली असते. झाकणावर बारीक अक्षरांत तसे लिहिलेलेही असते. आपल्याकडे 2019 च्या जुलैपासून चालकासाठी आणि त्यानंतर पुढच्या प्रवाशासाठीही एअरबॅग सक्तीची झाली, पण तिच्या झाकणावर काही ठेवू नये हे ज्ञान गाडीबरोबर घरी आले नाही. ती डोळ्याची पापणी लवण्याच्या आत फुगते, आणि झाकणावर चिकटवलेली दगडी वा धातूची वस्तू तेवढ्याच वेगाने समोर बसलेल्याच्या तोंडावर फेकते. अनेक गाड्यांत तेथे मूर्ती असते. ज्यांना आपण वंदन करतो त्यांची मूर्ती अशा जागी असू नये. पातळ, चपटी प्रतिमा झाकणापासून दूर लावता येते. काही गाड्यांत दारांच्या वर, छताच्या कडेलाही एअरबॅग असतात, म्हणून तेथल्या हुकाला लाकडी हँगर अडकवू नये. नुसता शर्ट चालतो.

आंबोली हे महाराष्ट्रातील सर्वाधिक पावसाच्या ठिकाणांपैकी एक. येथेच हिरण्यकेशीच्या नावाचा एक चिमुकला मासा सापडला आणि 2021 मध्ये त्याच्या अधिवासाला जैवविविधता वारसास्थळाचा दर्जा मिळाला. एका लहानशा जलाशयातल्या जिवासाठी शासनाने सीमा आखावी, ही गोष्ट आईला इतकी आवडली की तिने ती दोनदा सांगायला लावली.

त्यानंतर खरा घाट. मुख्य धबधबा ओलांडला की रस्ता दाणोलीकडे उतरू लागतो, वळणामागून वळण. दादाने उतारापूर्वी चहा संपवला. झाकण नसलेला गरम पेला मधल्या खाचेत ठेवून घाट उतरणे त्याला मान्य नाही, आणि ते बरोबरच आहे. मांडीवर सांडलेल्या चहाने हात चाकावरून सुटतो. फोनही त्याने मधल्या झाकणाच्या कप्प्यात बंद केला. ताशी 60 किलोमीटर वेगाने गाडी दोन सेकंदांत 33 मीटर जाते. घसरलेला फोन उचलायला वाकणे म्हणजे ते 33 मीटर न पाहता जाणे, आणि आंबोलीच्या घाटात वळण त्याच्या कितीतरी आधी येते. पुतणीने मागून गोळी मागितली तेव्हा ती वहिनीने दिली. चालकाचा हात कोणत्याही कप्प्याकडे जाऊ नये, हा या गाडीतला अलिखित कायदा.

आईला मागे पट्टा लावणे जुलमाचे वाटते. “मागे बसणाऱ्याला कशाला?” हा तिचा जुना प्रश्न. 4 सप्टेंबर 2022 रोजी टाटा सन्सचे माजी अध्यक्ष सायरस मिस्त्री यांचे पालघर जिल्ह्यात चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर अपघाती निधन झाले. ते मागच्या आसनावर होते आणि पट्टा लावलेला नव्हता. एवढ्या भक्कम गाडीतही. बाटली, डबा, पुस्तक यांचा हिशेब आपण करतो, पण गाडीतली सर्वांत जड सैल वस्तू म्हणजे पट्टा न लावलेला माणूस. तो स्वतःही जातो आणि पुढच्यावरही आदळतो. नियमही मागच्या प्रवाशाला पट्टा लावायला सांगतो. दादाने आईला हे सारे सांगितले नाही. तो फक्त म्हणाला, “आई, पोळ्यांना लावला आहे, तुला नको का?” आईने हसत पट्टा पुढे ओढला. तो गळ्याशी टोचू नये म्हणून वहिनीने खांद्यावरून नीट बसवून दिला आणि खालची पट्टी पोटावरून नव्हे, तर कमरेच्या हाडावरून घेतली.

दाणोलीला पोहोचेपर्यंत ऊन पडले होते, आणि सावंतवाडीत मोती तलावाचे पाणी चकाकत होते. बाजारात लाकडी फळांची दुकाने मांडलेली : आंबे, सीताफळे, केळी, रंग असे की मुलाने चावून पाहावे. पुतणीने एक मोठी परडी घेतली, भरीव लाकडाची, हातात धरताच वजन कळणारी. गाडीत येताच तिने ती मागच्या काचेजवळच्या फळीवर ठेवायला हात उंचावला, कारण तेथून ती साऱ्या जगाला दिसली असती. मग तिची तीच थांबली, दादाला डिकी उघडायला सांगितली आणि घनसाळच्या पोत्याशेजारी परडी टेकवून ठेवली. एक लाकडी पेरू मात्र तिने मागून घेतला. तो हातात धरायचा की दारातल्या खणात ठेवायचा, यावर बांद्यापर्यंत चर्चा चालली. शेवटी तो आईच्या पिशवीत, चेन लावून, गेला.