वसईची शीव

मुंबईकराला वसई ठाऊक असते ती फुलांची आणि सुकेळ्यांची. तिथला किल्ला त्याने शाळेत परीक्षेपुरता सर केलेला असतो. पण लोकलने सहज जाता येते, एवढ्याच कारणास्तव तो बहुधा तेथे जात नाही. जवळचा देव आणि घरचा वैद्य यांची हीच गत!

मी गेलो तो माझ्या भाच्याला बरोबर घेऊन. इतिहासाचे पुस्तक त्याला नकोसे. पण ‘सिव्हिलायझेशन’ नावाच्या संगणकावरील खेळात तो रोज रात्री राज्ये मिळवतो आणि सकाळच्या चहापर्यंत घालवतो. सिड मायर यांनी हा खेळ १९९१ साली आणला. पुढे त्याच्या अनेक आवृत्त्या निघाल्या. गाडीत त्याने मला आपले राजकारण समजावून सांगितले.

“मामा, आताच्या खेळात शहर जिंकलं की त्याच्या भोवतालची सगळी घरं आपल्या रंगाची होतात. सीमा लगेच पुढे! पण जुन्या खेळात तसं नव्हतं. शहर घेतलं तरी शत्रूच्या शेजारच्या शहरांची संस्कृती जमीन सोडत नसे. वेशीच्या आत आपण, बाहेरचं शेत त्यांचं. कधी कधी तर शहरच बंड करून परत त्यांच्याकडे जायचं.”

“मग यांतला खरा नियम कोणता?” मी विचारले.

“ते तुम्ही सांगायचं!”

उत्तर द्यायला वसईसारखी जागा नाही. १५३४ साली गुजरातच्या बहादूरशहाने तह करून वसई पोर्तुगीजांना दिली, तेव्हा नगराबरोबर भोवतालचा मुलूख आणि मुंबईची बेटेही गेली. वसई ही उत्तर फिरंगाणाची राजधानी झाली. मराठ्यांनी १७३७ मध्ये साष्टी घेतली, ठाणे घेतले. तरी वसईचा तट उभा होता तोवर त्या विजयाला स्वस्थता नव्हती. अखेर चिमाजीअप्पांच्या फौजेने सुरुंग लावून बुरूज फोडले आणि १७३९ च्या मे महिन्यात किल्ला शरण आला. मग मात्र सीमा खरोखरच धावली. पुढच्याच वर्षी चौलही मराठ्यांच्या हाती आले, आणि उत्तरेकडे पोर्तुगीजांपाशी उरले ते दमण आणि दीव.

“म्हणजे नवा नियम खरा!” भाचा विजयी मुद्रेने म्हणाला.

त्या वेळी आम्ही फ्रान्सिस्कनांच्या पडक्या चर्चमध्ये उभे होतो. छप्पर केव्हाच गेलेले. पायाखाली मात्र पोर्तुगीज अक्षरांच्या थडग्यांच्या शिळा अजून आहेत. मी त्याला पुढची हकीकत सांगितली. विजयानंतर वसईला ‘बाजीपूर’ असे नाव देण्यात आले; ते लोकांच्या जिभेवर बसले नाही. शरणागतीच्या अटींप्रमाणे ज्यांना जायचे ते गेले. जे राहिले त्यांना आपला धर्म पाळण्याची मोकळीक होती. आणि राहणारे पुष्कळ होते. त्यांच्या वाड्या, विहिरी, केळीच्या बागा आणि सामवेदी बोली राज्य बदलले तरी जागच्या जागी राहिल्या.

येथे माझ्यातला मराठीचा मास्तर जागा झाला. ‘आपण वसई जिंकली’ असे आपण मुलांना शिकवतो. त्या ‘आपण’मध्ये वसईचा ख्रिस्ती शेतकरी बसतो की नाही? तो घरी जे बोलतो ती मराठीचीच बोली आहे. त्याच मातीतले फादर फ्रान्सिस दिब्रिटो २०२० साली उस्मानाबादच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. चिमाजीअप्पांचा अभिमान मला आहेच. पण वसई आपली आहे असे म्हणायला मला तेवढा एक आधार पुरत नाही. हा दुसरा आधार मला अधिक भक्कम वाटतो.

“आणि पुढे?” भाच्याने विचारले. आता कंटाळा कुठल्या कुठे पळाला होता.

पुढे १७८० मध्ये इंग्रजांनी वसई घेतली. १७८२ च्या सालबाईच्या तहाने ती मराठ्यांना परत मिळाली. साष्टी मात्र इंग्रजांनी ठेवून घेतली. आणि ३१ डिसेंबर १८०२ रोजी याच वसईत दुसऱ्या बाजीरावाने इंग्रजांशी तह केला. त्या दिवशी येथला एक दगडही ढळला नाही, एक सुरुंगही उडाला नाही; पण ज्या राज्याने वसई जिंकली होती ते आतून दुसऱ्याचे झाले.

“अशी चाल खेळात नाही,” तो हळूच म्हणाला.

दर्या दरवाजातून आम्ही खाडीकडे बाहेर पडलो. पलीकडे कोळीवाड्यात मासळी वाळत होती. तिचा वास वाऱ्याबरोबर तटाला न जुमानता आत येत होता. एक म्हातारी कोळीण जाळे नीट करीत बसली होती. सुलतान, फिरंगी, पेशवे आणि इंग्रज, चौघांच्याही अमलात या किनाऱ्यावर कोणीतरी असेच जाळे विणीत बसले असेल. भाच्याने तिला विचारले, “आजी, गावाची शीव कुठे?”

तिने मान वर न करता समुद्राकडे बोट केले आणि पुन्हा गाठ मारायला घेतली.